मोडेल अशी काठी

पाठ

"हात दाखवा, काका."

"हात कशाला? ज्योतिषी झालीस काय?" म्हणत हिराजीकाकांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले.

मी ब्लँक फिरवून बघत होते. ब्लँक म्हणजे मासे धरायच्या रॉडचा नुसता दांडा. डोर ओवायच्या कड्या नाहीत, मूठ नाही, रीळ नाही. बूड टेबलावर टेकवायचं, शेंडा डाव्या हाताच्या बोटांवर पेलायचा, मध्यावर उजव्या तळव्याने दाबायचं आणि हलकेच फिरवायचं. फिरता फिरता तो एका जागी आपणहून टुणकन उडी मारून बसतो. ती त्याची पाठ. ती न बघता कड्या बांधल्या तर मासा लागल्यावर रॉड मुठीत पीळ खातो. धडधाकट हाताला ते जाणवतही नाही.

"तुमच्या मापाने बनवायचाय ना? मग मुठीचा घेर लागेल. कोपरापासून मनगटापर्यंतचं माप लागेल."

"माझी मूठ तुझ्या बापाएवढीच. त्याची घे."

"बाबांना आता कुठून आणू?"

"मग अंदाजाने घे. हाय काय त्यात!"

तेव्हा रेवदंड्यात रॉड बांधून देणारी मी एकटीच होते. भाऊ बोटीवर होता, तो बाहेरून ब्लँक आणायचा. रविवारी पुण्या-मुंबईहून हौशी लोक यायचे, त्यांच्या उंचीला, हाताला, माशाला जुळेल असा रॉड मी बांधून द्यायची. गावातलं कुणी माझ्याकडे येत नसे. हिराजी घरत तर नाहीच नाही. ते लाँचवर तांडेल होते, निवृत्त झाले होते, आणि खाडीच्या तोंडाशी जो सगळ्यात पुढचा खडक आहे, त्यावर उभं राहून नुसत्या हातडोरीने जिताड्यासारखा मोठा मासा काढायचे. काठी नाही, रीळ नाही. डोर, गळ आणि हात. रॉडवाल्यांना बघून म्हणायचे, "मासा मारायला आलेत का साप?"

आणि आता ते माझ्यासमोर बसून काठी मागत होते. मी कारण विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"विभाचं लग्न झालं. दिवाळीच्या आत विहिणीकडे जिताडा न्यायचाय. आमच्या घरची रीत हाय. बापाने स्वतः धरलेला. बाजारातला नाय, कुणी दिलेला नाय. माझ्या बापाने माझ्या तिन्ही बहिणींचे नेले."

"बरं."

"आणि मुठीला एक दोरी लाव. मनगटात अडकवायला."

"कशाला?"

"असंच. अशी." दोरी कुठे हवी ते दाखवायला त्यांनी उजवा हात वर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धवट वाकलेली होती, आणि मूठ वळली तरी ती दोन तिथेच राहिली. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"थंडीत होतं असं," ते म्हणाले.

बाहेर भाद्रपदातलं ऊन होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"दोरी नाही लावणार, काका."

"का?"

"मोठा मासा ओढायला लागला तर काठी सोडता आली पाहिजे."

ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "सोडायची?" ते म्हणाले. "मग धरायची कशाला?"

मूठ

दुसऱ्या दिवशी विभा आली. हातात अजून हिरवा चुडा, तोंडावर माहेरपणाचा काही मागमूस नाही. आम्ही शाळेत एका बाकावर होतो.

"आबा आले होते ना?"

"आले होते."

"चक्कर येते ते सांगितलं?"

"नाही."

"मलाही नाही सांगत. ओट्याजवळ पडले तर म्हणे घसरलो. पायरीवर बसून राहिले तर म्हणे वारा खातोय. डॉक्टरांनी मला सांगितलं, उभ्या उभ्या रक्तदाब खाली जातो, डोळ्यांपुढे अंधार येतो. आणि हा माणूस त्या खडकावर जाणार!"

"जाऊ देऊ नकोस."

"तू सांगून बघ ना. तुझं ऐकतील."

"मी रॉड बनवत नाही म्हणते."

"मग डोरीने मारतील. त्याच खडकावर. डोर एकदा हाताला गुंडाळली की हात तुटेल पण सोडणार नाहीत." ती थांबली. टेबलावरचा ब्लँक तिने बोटाने ढकलला. "काठी तरी मोडते. मोडते ना गं?"

"नीट बनवली तर नाही मोडत."

"मग नीट बनवू नकोस."

मला आधी ती थट्टा करतेय असं वाटलं.

"मोडेल अशी बनव, सुगंधा. छोट्या माशाला टिकेल, मोठा लागला की मधोमध तुटेल. आबा काठीला शिव्या घालतील, तुला शिव्या घालतील आणि घरी येतील. बस. मला आणखी काही नको."

"आणि सासूबाईंना मासा?"

"सासूबाईंच्या घरामागे तळं आहे. पेणला ये एकदा, बघ. जिताडेच जिताडे. त्यांना कशाला हवाय मासा! हवाय तो आबांना."

तिने ढकललेला ब्लँक मी जागेवर ठेवला.

"कुणाला कळणार नाही ना?" तिने हळूच विचारलं.

"धाग्याखाली काय आहे ते कुणाला दिसतं," मी म्हटलं. खरं तेच बोलले. पण ते बोलायला नको होतं. तिचा चेहरा एकदम सैल पडला.

"म्हणजे करशील?"

"बघते."

ती गेली ती होकार घेऊन.

समजा

समजा खाच घातली. कड्यांच्या बांधणीखाली, नखभर, धारदार ब्लेडने. वरून रेशमी धागा, धाग्यावर राळेचा थर. बाहेरून चकचकीत. मोठा जिताडा लागला, रॉड वाकला आणि

समजा नाही घातली. रॉड टिकला. डोळ्यांपुढे अंधार आला, मासा खोल पाण्याकडे निघाला, आणि हा माणूस मूठ उघडणारा नव्हे, मग

समजा बनवलाच नाही. डोर. तीच डोर, तोच हात, दोन बोटं न मिटणारी. म्हणून डोर तळव्याला एक वेढा जास्त, आणि

समजा मी जाऊन त्यांना सरळ सांगितलं, काका, विभाने असं असं सांगितलंय. लेकीने बापाची काठी मोडायला सांगितली. ते हसतील. नाही हसले तर

मी जेवायला बसले. भात गार झाला.

कांडं

माझ्याकडे एक टाकाऊ ब्लँक होता, रंग उडालेला, पण आतून धड. त्याला मी खाच घातली. नखभरच. वरून धागा गुंडाळला. डोर खिडकीच्या गजाला बांधली, ब्लँक दोन्ही हातांत धरला आणि जसा मासा धरून माणूस मागे रेलतो तशी रेलत गेले. थोडी. आणखी थोडी. काडी वाकत होती, काही आवाज नाही, कुरकुर नाही. मला वाटलं खाच कमी पडली.

आणि काडकन मोडली.

मी कपाटावर आदळले. कोपर आधी, मग डोकं. खाली बसले ती बसूनच राहिले. हातात बुडाचा तुकडा तसाच घट्ट धरलेला होता.

शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय पडलं गं?"

"मीच," मी म्हटलं.

त्यानंतर उठून मी नवा ब्लँक टेबलावर घेतला. त्याची पाठ बघून खूण करून ठेवलेली होती. ब्लेड हातात घेतलं.

कड्या

रॉड चांगला कशाने होतो असं पुढे मला बरेच जण विचारायचे. महाग कड्या लावल्यात का, कुठला ब्लँक, कुठला धागा. मी काहीतरी सांगून मोकळी व्हायची. या रॉडला मी शेंड्याला वाळूची पिशवी टांगली, तो वाकवला आणि वाकलेला असतानाच एकेक कडी सरकवत बसले. डोर काडीला कुठेही टेकू नये, वाकणाबरोबर वाकत जावी, म्हणजे ओढ कुठल्या एका जागी साचत नाही, सगळीकडे वाटली जाते. शेंड्याला वजन कमीत कमी. लांबी मुद्दाम कमी, कारण लांब काठीने मासाच माणसाला उचलतो. कड्या खालच्या बाजूला, म्हणजे काठी मुठीत वळायला बघणार नाही.

राहिली मूठ. माप तर ते देईनात.

विभाने युक्ती केली. पेणला गणपतीचे कारखाने. येताना तिने शाडूची माती आणली होती. "आबा, जरा दाबून द्या ना, कडक झालीय," म्हणत तिने गोळा त्यांच्या हातात दिला आणि तो तसाच फडक्यात गुंडाळून माझ्याकडे पाठवला. तीन बोटांचे खोल ठसे, दोन बोटांचे नुसते डाग. त्या ठशावरून मी बुचाची मूठ घासली. दोन बोटं जिथे पोचत नव्हती तिथे ती जाड ठेवली, म्हणजे मूठच बोटांपर्यंत येईल.

दमट हवेत राळ दुधाळ होते, म्हणून खोलीत बल्ब लावून ठेवला. ती वाळेपर्यंत रॉड हाताने फिरवत बसले. विभाला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

काका न्यायला आले. मूठ हातात घेतली. बोटं मिटली. सगळी, तीही दोन, बुचाला टेकली. त्यांनी मूठ दोनदा सोडली, दोनदा धरली.

"माप कुणी दिलं?"

"अंदाजाने घेतलं."

त्यांनी मनगट हलवलं. शेंडा थरथरून एकदम शांत झाला.

"जिवंत हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "कोपराला काय झालं?"

"आदळलं."

शेंडा

सकाळची भरती चढत होती. काका पुढच्या खडकावर, मी त्यांच्या डाव्या हाताला, विभा मागे. मला त्यांनी येऊ दिलं ते काठी पहिल्यांदाच वापरायची म्हणून. विभाला येऊ दिलंच नव्हतं, ती आली.

"बायका घेऊन मासे मारायला आलोय," काका समुद्राला म्हणाले. "आता हेच बघायचं राहिलं होतं."

"मग चला घरी," विभा म्हणाली.

"गप गो."

तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं. "केलंस ना?"

मी तोंड उघडलं.

"सुगंधा!" काका ओरडले. "ही चकती किती आवळायची?"

मी पुढे गेले. रिळाची चकती मीच आवळून दिली. मासा जोरात ओढेल तेव्हा ती घसरून डोर सोडेल, तुम्ही तिला हात लावायचा नाही, नुसती काठी वर धरायची, काठी आणि चकती मिळून त्याला दमवतील. तीनदा सांगितलं. ते मान डोलवत होते.

गळाला जिवंत कोळंबी. पहिली फेक जवळ पडली. दुसरी जिथे पाणी गढूळ होऊन वळतं तिथे.

वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. मला मासा लागू नये असं वाटत होतं. काकांची मान मी बघत होते, ती जराशी जरी डावीकडे झुकली तरी माझा हात पुढे जायचा. एकदा त्यांनी डोळे मिटले. "काका?" "ऊन," ते म्हणाले. ऊन पाठीमागून येत होतं.

मग शेंडा खाली गेला.

थरथरला नाही, टोचल्यासारखा झाला नाही, सरळ खाली गेला आणि रीळ किंचाळलं. लांबवर पाणी फुटलं, जिताडा अख्खा बाहेर आला, रुंद, चंदेरी, डोकं झटकत, आणि परत पडला.

"आयला!" काका म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता.

डोर जात होती. चकती तिचं काम करत होती. रॉड बुडापर्यंत वाकला होता आणि बरोबर वाकला होता. मी म्हटलं, "धरून ठेवा, जाऊ दे त्याला, जाऊ दे—"

आणि त्यांच्या डाव्या हाताने, त्यांनी नव्हे, हाताने, पुढे होऊन रीळ आणि पहिल्या कडीमधली डोर पकडली आणि तळव्याला एक वेढा घेतला.

सगळ्या आयुष्याची सवय. मासा पळाला की डोरीला वेढा.

रीळ गप्प झालं.

आता चकती नव्हती. मासा होता, आणि डोरीच्या दुसऱ्या टोकाला सरळ माणूस बांधलेला होता. मधे फक्त माझी काडी. ती अशी वाकली होती की मुठीजवळचा धागा ताणून पांढरा दिसायला लागला. काकांचा एक पाय पुढे सरकला. शेवाळावर.

"आबा! सोडा!"

"काका, शेंडा खाली करा! माशाकडे करा!"

मासा लागलेला असताना शेंडा खाली करायचा नसतो, हे जगातल्या कुठल्याही मासे मारणाऱ्याला ठाऊक असतं. त्यांनी उलट वर खेचला. डोर तळव्यात रुतली. दुसरा पाय सरकला. त्यांचे डोळे उघडे होते पण ते कशाकडे बघत नव्हते.

मी रॉड त्यांच्या हातापुढे धरला आणि सगळं अंग टाकून खाली दाबला. वाकलेली काडी एकदम सरळ झाली. तेवढ्याने हातभर डोर सैल पडली. वेढा सुटला, तळव्यावरून घसरला, आणि रीळ पुन्हा किंचाळलं. मासा सुटला नव्हता. का सुटला नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

विभाने मागून त्यांचा सदरा धरला होता. त्यांच्या तळव्यातून रक्त मनगटावर येत होतं.

काका मासा बघत होते. मग रक्त बघितलं. मग मान वळवून लेकीकडे बघितलं.

"विभा. धर."

"आबा, तुम्ही धरायचा असतो—"

"धर म्हणतो ना. मला चक्कर येतेय."

हे ते पहिल्यांदा बोलले. कुणाशीही. त्यांनी काठी तिच्या हातात दिली आणि खडकावर खाली बसले, पाय पसरून, जसं कुणी अंगणात बसावं.

विभाने कधी काठी धरली नव्हती. मूठ तिच्या हाताला मोठी होत होती. तिचा चुडा बुचावर खडखडत होता.

"वर घे!" काका खालून ओरडले. "वर घे, मग खाली, खाली करताना गुंडाळ! दम दे त्याला!"

ती वर घेईना. शेंडा अर्धवट धरून ती माझ्याकडे बघत होती, घाबरून पांढरी पडलेली.

"मोडेल गं!" ती म्हणाली. "सुगंधा, मोडेल ही! मी वाकवली तर—"

"नाही मोडणार!"

"अगं पण खाच—"

"नाही आहे!" मी ओरडले. "खाच नाही आहे, विभा! वाकव! पुरती वाकव!"

"कसली खाच?" काकांनी विचारलं.

विभाने ओठ आवळले आणि काठी वर घेतली, खांद्यापर्यंत, आणि ती शेंड्यापासून बुडापर्यंत एका धनुष्यासारखी वाकली आणि तशीच राहिली.

तो आला. लगेच नाही. दोनदा खोल गेला, एकदा खडकाच्या कपारीत शिरायला बघत होता, तेव्हा काकांनी बसल्या जागेवरून अशा शिव्या दिल्या की विभा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. शेवटी तो एका लाटेवर आडवा झाला आणि मी हातजाळीत घेतला.

काकांनी त्याला हात लावला नाही.

"सासूला काय सांगणार?" विभाने नाक पुसत विचारलं. "कुणी धरला?"

"सुरुवातीला त्याने मला धरलं होतं," काका म्हणाले. "मग तू त्याला धरलंस. हेच सांगीन. रीत मोडली तर मोडली."

परत येताना विभा पुढे चालत होती, मासा दोन्ही हातांनी कवटाळून. काकांच्या तळव्याला माझी ओढणी बांधलेली होती. ते काठी घेऊन माझ्याबरोबर हळूहळू येत होते. चालता चालता त्यांनी अंगठा शेंड्यावर ठेवला आणि खाली आणत गेले. पहिली कडी. दुसरी. प्रत्येक बांधणीवर थांबत, दाबत, नखाने चाचपत. मुठीपर्यंत आले.

"खाच नाय."

"नाही, काका."

"तिने सांगितली होती?"

मी पुढे चाललेल्या विभाकडे बघितलं. त्यांना तेवढं पुरलं.

"मग तू का नाय घातलीस?"

"एका जुन्या काडीला घालून बघितली. मागे रेलून ओढली. मोडली तेव्हा मी मागे कपाटावर पडले."

ते थांबले. मागे वळून खडकाकडे बघितलं. आम्ही उभे होतो त्याच्या मागेच दगडाची एक धार वर आलेली होती, शिंपल्यांनी भरलेली. विभा तिच्याच शेजारी उभी होती.

"म्हणजे मी मागे गेलो असतो," ते म्हणाले.

"हो."

"हे तिला ठाऊक हाय?"

"नाही. तिला वाटतं काठी मोडली असती आणि तुम्ही घरी आला असता."

काका चालायला लागले. काठी त्यांनी खांद्यावर टाकली. पुढे विभा वाळूतून धडपडत जात होती, जिताडा तिच्या हातातून पुन्हा पुन्हा निसटत होता आणि ती त्याला काहीतरी बोलत होती.

"तिला हे कधी सांगू नको," ते खालच्या आवाजात म्हणाले. आणि मग मोठ्याने, अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं, "विभा! शेपटी वर धर गो! वाळूत घासतेय!"